निनावी वैद्यास पत्र : डेव्हिड ह्यूम यांचे १७३४ चे रोगवृत्त आणि आत्मकथनाचा वाचक

जुनाट व्याधीने त्रस्त झालेल्या माणसाने दूरच्या वैद्याला पत्र लिहून सल्ला मागणे, ही अठराव्या शतकातील युरोपात रुळलेली रीत होती. एडिंबरा येथील विल्यम कलन आणि लोझान येथील सॅम्युएल तिसो यांच्या दप्तरांत अशा पत्रव्यवहाराचा मोठा साठा सुरक्षित आहे. एकट्या तिसोंच्या संग्रहातील पत्रे हजाराहून अधिक भरतात. वैद्यकेतिहासाच्या अभ्यासकांनी या सामग्रीचा पुष्कळ उपयोग केला. तौलनिक साहित्याभ्यासाने मात्र तिच्याकडे वाङ्मयप्रकार म्हणून पुरेसे लक्ष दिलेले नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७३४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एका वैद्याला उद्देशून लिहिलेल्या दीर्घ पत्राच्या आधारे या प्रकाराचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

वाग्भटाने रुग्णपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पत्राने सल्ला घेताना यांतील पहिली दोन आपोआप गळून पडतात. तरीही त्या काळी ही उणीव घातक मानली जात नसे, कारण युरोपीय वैद्याचे निदान बव्हंशी रुग्णाच्या निवेदनावरच उभे असे. लेनेक यांचा स्टेथोस्कोप १८१६ चा, म्हणजे पुढच्या शतकातला. तिसोंनी तर १७६१ च्या आपल्या लोकप्रिय ग्रंथात, वैद्याचा सल्ला घेणाऱ्याने कोणत्या प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत, याची यादीही दिली होती. तात्पर्य, रोग्याला आधी निवेदक व्हावे लागे. शरीर वैद्यासमोर यायचे ते कथा होऊनच.

ह्यूम यांच्या पत्रात ही कथा कालानुक्रमे येते. कायद्याच्या अभ्यासाचा कंटाळा, अठराव्या वर्षाच्या सुमारास विचारांचे एक नवे क्षेत्र खुले झाल्याचा आनंद, आणि सप्टेंबर १७२९ च्या आरंभी तो सारा उत्साह एकाएकी मावळणे. मग बोटांवर चट्टे उठतात, तोंडाला पाणी सुटू लागते. गावचा वैद्य हसून सांगतो, की हा विद्वानांचा रोग असून तुम्ही आता आमच्याच पंगतीत आलात. कडू औषधे, गोळ्या, रोज ठरावीक लाल मद्य आणि काही मैलांची घोडेस्वारी, असा उपचार सुरू होतो. १७३१ मध्ये भूक वाढून हा किडकिडीत तरुण सहा आठवड्यांत धष्टपुष्ट दिसू लागतो. पण विचारांची एक साखळी शेवटापर्यंत नेण्याची शक्ती काही परत येत नाही. खरी तक्रार ही आहे. कागदांचे गठ्ठे लिहून झाले आहेत आणि त्यांना आकार देता येत नाही. रोगवृत्ताच्या मिषाने येथे एक लेखक आपले अडलेले लेखन सांगतो आहे.

चरित्रकारांचे लक्ष मुख्यतः हे पत्र कोणाला लिहिले या प्रश्नावर खिळले. जॉन हिल बर्टन यांनी १८४६ मध्ये जॉर्ज चेनी यांचे नाव सुचवले. अर्नेस्ट मॉस्नर यांनी १९४४ मध्ये जॉन आर्बथनॉट यांचा पक्ष मांडला. पत्र प्रत्यक्ष धाडले गेले, याचा पुरावा नाही. परंतु वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाचे हे, की मजकुरात वैद्याला नाव नाही आणि रुग्णालाही आपले नाव तूर्त गुप्त ठेवायचे आहे. मराठी वाचकाला येथे चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची आठवण होणे साहजिक आहे. ज्ञानदेव वयाने लहान, ज्ञानाने थोर. तेव्हा चिरंजीव लिहावे की तीर्थरूप, हे न उमगल्याने चांगदेवांनी कोरा कागद पाठवला, अशी आख्यायिका आहे. तेथे वाचक निश्चित आहे आणि मजकूर नाही. येथे मजकूर ओसंडतो आहे आणि वाचक अनिश्चित आहे. साम्य ओढूनताणून आणण्याचे कारण नाही. चांगदेवांचा पेच अधिकाराच्या उतरंडीचा आहे, ह्यूम यांचा संकोच लौकिकाचा आहे. तथापि पत्रातला ‘मी’ समोरच्या ‘तुम्ही’वाचून उभा राहत नाही, हे दोन्ही उदाहरणे सारख्याच स्पष्टपणे दाखवतात.

याची कसोटी ह्यूम यांच्याच लेखनात मिळते. एप्रिल १७७६ मध्ये, मृत्यूपूर्वी काही महिने, त्यांनी छोटेखानी आत्मचरित्र लिहिले. त्यात हा वर्षानुवर्षांचा आजार एका ओझरत्या वाक्यांशात उरकला आहे : अभ्यासाच्या आवेगाने प्रकृती थोडी ढासळली, एवढेच. माणूस तोच आणि अनुभवही तोच; बदलला तो वाचक. जगाला सांगायचे जीवन आणि वैद्याला सांगायचे जीवन वेगवेगळे ठरते. म्हणून १७३४ च्या पत्राला आत्मचरित्राचा कच्चा खर्डा मानणे योग्य होणार नाही. लाज न बाळगता, बढाई न मारता स्वतःविषयी बोलण्याची मुभा वैद्यरूपी वाचकानेच दिली. जगासाठी लिहिताना ती मुभा उरली नाही.

पत्राच्या शेवटी ह्यूम विचारतात, की बरे होण्याची आशा धरावी काय, किती काळ थांबावे, आणि मनाची पूर्वीची उभारी परतेल काय. उत्तर उपलब्ध नाही. ते ब्रिस्टलला एका व्यापाऱ्याकडे गेले, तेथून फ्रान्सला. आणि १७३९ मध्ये त्यांच्या तत्त्वग्रंथाचे पहिले दोन खंड प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडाच्या समारोपात पुन्हा तीच खिन्नता भेटते. मात्र आता तेथे वैद्य नाही. बुद्धीला न हटणारे मळभ निसर्गच दूर करतो, जेवण, सोंगट्यांचा डाव आणि मित्रांच्या गप्पा यांतून, असे ह्यूम म्हणतात. निनावी वैद्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखकाने असे स्वतःच दिले, असा अन्वयार्थ लावता येतो. तो मान्य केल्यास रोग्याची पत्रे केवळ वैद्यकेतिहासाच्या कपाटात ठेवून चालणार नाही. आत्मकथनाच्या तौलनिक इतिहासात त्यांना स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल.