सिद्धांताचा अंत: एक परीक्षण

इ. स. २००८ च्या मध्यास अमेरिकेंतील ‘वायर्ड’ मासिकाचे तत्कालीन संपादक ख्रिस अँडर्सन ह्यांनीं एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मथळाच मुळीं सिद्धांताच्या अंताची द्वाही फिरविणारा होता. त्यांचें प्रतिपादन थोडक्यांत असें: संगणकांच्या सांठ्यांत आतां इतकी अफाट माहिती गोळा झाली आहे कीं, आधीं कल्पना बसवावी आणि मग ती प्रयोगानें पारखावी, हा शास्त्राचा जुना मार्ग निरुपयोगी ठरला आहे. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीबरोबर घडते, एवढें यंत्रानें आंकड्यांवरून सांगितलें म्हणजे पुरे. ती कां घडते, हें विचारण्याचें कारण उरलेलें नाहीं. ह्या निबंधास आज दीड दशकाहून अधिक काळ लोटला. निबंध विस्मृतींत गेला असला तरी त्यांतील मत पुष्कळ सुशिक्षितांच्या बोलण्यांत नकळत शिरलें आहे. म्हणून त्याचें परीक्षण करणें अवश्य वाटतें.

प्रथम ह्या मतांतील सत्यांश मोकळ्या मनानें मान्य केला पाहिजे. कारण न उमगतांहि उत्तर बरोबर येऊं शकतें, हें आपणांस तरी नवीन नाहीं. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. त्यांत त्यांनीं ज्याचापांची किचकट खटपट टाळून ग्रहसाधनाची रीत इतकी सुलभ केली कीं, पुढें कित्येक पिढ्यांच्या जोशांनीं तिच्यावरच पंचांगें केलीं. आंकडे मांडावे, रीत लावावी, उत्तर घ्यावें. ग्रह असा कां चालतो, ह्याचा विचार करण्याची गणकास गरज नव्हती. स्वतः गणेश दैवज्ञांनीं मात्र निरनिराळ्या ग्रंथांतील ग्रह आकाशाशीं ताडून पाहूनच घेतले होते. ती ताडून पाहण्याची संवय पुढें मागें पडली आणि रीत तेवढी उरली. काळ जात चालला तसतसें गणित आणि आकाश ह्यांत अंतर पडत गेलें, आणि अखेर एकोणिसाव्या शतकांत केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं युरोपीय ग्रंथांच्या आधारें नवीं कोष्टकें तयार केलीं. रीत चुकूं लागली आहे, हें रीतीला स्वतःला कधींच कळलें नाहीं. तें आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाला कळलें.

अँडर्सन ह्यांच्या मताची कसोटीहि अशाच एका रीतीनें पाहिली. २००८ सालींच गूगल कंपनीनें, लोक संगणकावर काय शोधतात त्यावरून अमेरिकेंत फ्लूची साथ किती पसरली आहे, हें सांगण्याचा उपक्रम आरंभिला. ५ कोटी शोधशब्दांतून, ज्यांचा चढउतार साथीच्या जुन्या आंकड्यांशीं जुळला, असे ४५ निवडण्यांत आले. ह्या छाननींत शालेय बास्केटबॉलविषयींचे शब्दहि साथीशीं उत्तम जुळलेले आढळले; कारण तिकडे त्या खेळाचा हंगाम आणि फ्लूचा हंगाम दोन्ही हिवाळ्यांतच येतात. असले शब्द माणसांनीं काढून टाकले. बास्केटबॉलनें फ्लू होत नाहीं, हें कांहीं आंकड्यांनीं सांगितलें नव्हतें. ज्या सिद्धांतास निरोप दिला होता, तोच येथें मागील दारानें आंत आला. पुढें २००९ सालीं फ्लूच्या नव्या विषाणूची साथ अवेळीं आली, तिची पहिली लाट ह्या योजनेस नीट दिसली नाहीं. आणि २०१२-१३ च्या हिवाळ्यांत तिनें डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णांचें प्रमाण सरकारी आंकड्याच्या जवळजवळ दुप्पट सांगितलें. २०१५ सालीं ह्या अंदाजांचें प्रकाशन थांबलें.

ह्यावर अँडर्सन ह्यांचा कैवारी म्हणेल कीं, ती योजना बाल्यावस्थेंतील होती. आजचीं यंत्रें पाहा. हा आक्षेप टाळण्यासारखा नाहीं. प्रथिनाच्या सांखळींतील घटकांचा क्रम ठाऊक असतां ती सांखळी घड्या पडून कोणता आकार घेईल, ह्या प्रश्नानें शास्त्रज्ञांना दशकानुदशकें झुलविलें. रक्तांतील हिमोग्लोबिनचा आकार उलगडण्यांत मॅक्स पेरुट्झ ह्यांची वीस वर्षांहून अधिक वेंचलीं. २०२० सालीं आल्फाफोल्ड ह्या संगणकप्रणालीनें पुष्कळ प्रथिनांचे आकार प्रयोगाच्या तोडीच्या अचूकतेनें वर्तविले. २०२२ पर्यंत असे २० कोटींहून अधिक आकार वर्तवून झाले, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग तिचे कर्ते डेमिस हसाबिस व जॉन जंपर ह्यांस मिळाला. हें यश खरें आहे. परंतु तें उभें कशावर आहे? १९७१ पासून जगभरच्या संशोधकांनीं प्रयोगानें उलगडलेला एकेक आकार एका सामायिक भांडारांत जमा केला. त्या भांडारावर ही प्रणाली शिकली. शिवाय सांखळीचा आकार तिच्या क्रमावरूनच ठरतो, हें ख्रिश्चन ॲन्फिन्सन ह्यांनीं दाखवून दिलें नसतें (त्यांस १९७२ सालीं नोबेल मिळालें), तर क्रमावरून आकार काढण्याची आशा कोणी कशी धरली असती? म्हणजे यंत्रानें येथें सिद्धांतानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दिलें. आणि ती सांखळी कोणकोणत्या टप्प्यांनीं घड्या पडत जाते, हें त्या उत्तरानें अजून उलगडलेलें नाहीं.

उत्तर जवळजवळ जुळलें कीं मन स्वस्थ होतें. आणि नेमका हाच क्षण शास्त्रांत धोक्याचा असतो. टायको ब्राहेचे वेध हातीं घेऊन केप्लरनें मंगळाची गति वर्तुळावर बसविली. ती इतकी जुळली कीं फरक उरला अवघा ८ कलांचा. जुन्या पद्धतीनें आणखी एखादें वर्तुळ जोडून तो बुजवितां आला असता. परंतु टायकोचे वेध एवढे चुकणार नाहींत, हें केप्लर जाणून होता. त्यास तो फरक खुपला, आणि त्या खुपण्यांतूनच १६०९ सालीं त्यानें लंबवर्तुळ जगापुढें मांडलें. फरक यंत्रासहि मोजतां येतो. तो कोणता बुजवावा आणि कोणत्यासाठीं सारी इमारत पाडावी, हा निर्णय मात्र नुसत्या आंकड्यांतून निघत नाहीं.

तेव्हां अँडर्सन ह्यांच्या निबंधास द्रष्टेपणाचें अर्धें श्रेय दिलें पाहिजे. संगणक शास्त्राचा कायापालट करील, हें त्यांनीं बरोबर ओळखलें. परंतु ज्या सिद्धांताच्या खांद्यावर तो उभा राहणार, त्यालाच त्यांनीं मृत ठरविलें. यंत्र पुष्कळ गणित करील, पुष्कळ रहस्यांचा मागहि काढील. त्याबद्दल खंत करण्याचें कारण नाहीं. भय आहे तें आपल्या सोयीचें. ‘ग्रहलाघवा’ची रीत हातीं आल्यावर आकाशाकडे पाहणें सुटलें, तसें पुन्हां होऊं नये एवढीच चिंता आहे. ह्यापुढें विद्यार्थ्यास यंत्र चालविण्यास शिकवितांना आम्हां शिक्षकांनीं त्यास आणखी एक प्रश्न विचारण्यास शिकविलें पाहिजे: हें उत्तर खोटें ठरलें, तर तें मला कशावरून कळेल? ज्याच्यापाशीं ह्या प्रश्नाचें उत्तर नाहीं, त्याच्या हातीं उत्तम यंत्र असलें तरी तो केवळ जुन्या कोष्टकांवरून पंचांग करणारा गणकच होय.