शंका कळवायची, निकाल नव्हे

रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माते औषधांच्या दुष्परिणामांकडे कसे पाहतात, याविषयीची प्रश्नावली-सर्वेक्षणे आपल्याकडे वारंवार प्रसिद्ध होतात. त्यांचा निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो : दुष्परिणाम कळवणे आवश्यक आहे असे बहुतेकांना वाटते, प्रत्यक्ष कळवणारे मात्र थोडे. शिफारसही ठरलेलीच : प्रशिक्षण द्या. ही शिफारस आम्हाला अपुरी वाटते.

मुळात कळवायचे कशासाठी? नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची चाचणी साधारणपणे काही हजार माणसांवर होते. समजा, दर १०,००० रुग्णांमागे एकाला गंभीर अपाय होतो. तर ३,००० जणांच्या चाचणीत असा एकही रुग्ण न आढळण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के येते. (०.९९९९ चा ३,००० वा घात काढून विद्यार्थ्यांना हे पडताळता येईल.) असे दुर्मीळ अपाय पुढे निरनिराळ्या रुग्णालयांत एकेकट्याने दिसतात. नोंदी एकत्र आल्या तरच त्यांचा अर्थ लागतो.

१९६१ साली सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनी ‘लॅन्सेट’ला एक छोटेसे पत्र लिहिले. थॅलिडोमाइड घेतलेल्या मातांच्या बाळांत व्यंगे दिसत आहेत. इतरांनाही असे आढळले आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. त्याच सुमारास जर्मनीत विडुकिंड लेन्झ यांनाही तीच शंका आली होती. या अनुभवानंतर ब्रिटनने १९६४ साली ‘पिवळे कार्ड’ योजना सुरू केली. भारतातील सध्याचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० सालचा असून त्याचे केंद्र २०११ पासून गाझियाबादला आहे.

आता सर्वेक्षणांकडे वळू. ‘राष्ट्रीय केंद्र कोठे आहे?’ अशा प्रश्नांना त्यांत गुण दिले जातात. पण गाझियाबाद हे उत्तर ठाऊक असलेली परिचारिका रुग्णाच्या अंगावरील पुरळ कळवीलच असे नाही. ‘तुम्ही कळवाल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे तर ‘रोज अभ्यास करतोस का?’ याला ‘हो’ म्हणण्याइतके सोपे आहे.

ब्रिटनचे इनमन यांनी १९७६ साली न कळवण्याची सात कारणे सांगितली. अज्ञान हे त्यांतील फक्त एक. बाजारातले औषध सुरक्षितच असणार ही समजूत, खटल्याची भीती, अपराधीपणा, स्वतःच लेख लिहिण्याची इच्छा, नुसती शंका कळवण्याचा संकोच आणि आळस ही उरलेली. प्रशिक्षणाने काहीच होत नाही असे आमचे म्हणणे नाही. पोर्तुगालमधील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याने डॉक्टरांच्या नोंदी कित्येक पटींनी वाढल्या. परंतु पहिल्या चार महिन्यांनंतर परिणाम ओसरू लागला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात निरनिराळ्या देशांतील ३७ अभ्यास तपासले गेले. त्यांत न कळवलेल्या दुष्परिणामांचे मध्यक प्रमाण ९४ टक्के होते. एवढी मोठी तफावत केवळ अज्ञानाने पडत नाही.

म्हणून सर्वेक्षकांनी प्रश्न बदलावेत. गेल्या महिन्यात किती रुग्णांचे औषध दुष्परिणामामुळे थांबवले आणि त्यांपैकी किती पत्रके गेली, हे केसपेपरवरून मोजावे. पत्रक भरायला वेळ मिळतो का, परिचारिकेने ते भरलेले वरिष्ठांना चालते का आणि पाठवल्यावर काही उत्तर येते का, हेही विचारावे.

आपल्याकडील पत्रकाच्या शीर्षकातच ‘संशयित’ हा शब्द आहे. ते भरणे म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असेही त्यावर छापलेले असते. तरीही खात्री होईपर्यंत गप्प राहण्याची सवय मोडत नाही. ती आपल्याला वर्गात रोज दिसते : उत्तर पक्के ठाऊक असल्याशिवाय मुले हात वर करीत नाहीत. वर्गात त्यामुळे एक प्रश्न राहून जातो; रुग्णालयात तेच औषध पुढच्या रुग्णाला दिले जाते.