न रंगवलेली मैत्रीण

मैत्रिणीचं हुबेहूब चित्र जलरंगात काढायचं, तर खरी अडचण रंगांची नसतेच. दिसतं तसं काढलं तर तिला लागेल, आणि जपून काढलं तर ती 'ती' उरणार नाही. जॉन सिंगर सार्जंटचं 'मिसेस गार्डनर इन व्हाइट' (१९२२) मला मोठं वाटतं ते या अडचणीमुळे.

इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर ही बॉस्टनची कलासंग्राहक, सार्जंटची जुनी मैत्रीण. १८८८ साली त्यानं तिचं जवळजवळ माणसाच्या उंचीचं तैलचित्र केलं होतं. अंगात काळा पोशाख, कमरेला मोती, डोक्यामागे कापडावरच्या नक्षीचं प्रभामंडल. त्यावरून शहरात कुजबुज झाली आणि ती असेपर्यंत ते चित्र पुन्हा लोकांसमोर आलं नाही. पुढे १९१९ साली तिला पक्षाघात झाला. १९२२ साली सार्जंटनं तिला पुन्हा रंगवलं तेव्हा ती ८२ वर्षांची होती, तो ६६ वर्षांचा. या वेळी माध्यम जलरंग, आणि चित्र साधारण ए-३ कागदाएवढं.

चित्रात ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली आहे. उघडा आहे तो फक्त चेहरा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद तसाच सोडतात. आणि कुठे सोडायचा हे आधीच ठरवावं लागतं, कारण एकदा रंग मुरला की कोरा कागद पुरता परत मिळत नाही. म्हणजे तिच्या अंगावरचं बरंचसं कापड हे सार्जंटनं न केलेलं काम आहे. सावल्यांचे थोडे पातळ हात मारले की कागदाचं वस्त्र होतं.

कोणी म्हणेल, ही पळवाट आहे: आजारी शरीर झाकून टाकलं की प्रश्नच मिटला. मला तसं वाटत नाही. कापडानं शरीर झाकलंय, आजारपण नाही. त्या ढिगाऱ्यात ती किती लहान झालीय, हे लगेच कळतं. दया आणायला त्यानं एक रेषही जास्त मारलेली नाही आणि चेहरा तरुणही केलेला नाही.

खटकतं ते वेगळंच. पांढऱ्या वेष्टनात ती जोगिणीसारखी दिसते. १८८८ च्या प्रभामंडलाचीच ही म्हातारपणीची आवृत्ती. दिमाखाची हौस असलेली, लोकांच्या बोलण्याला न जुमानणारी बाई इथे जरा जास्तच सोज्ज्वळ झालीय. पण मग डोळ्यांकडे लक्ष जातं, आणि ती बाई गेलेली नाही हे समजतं.

हे चित्र मी पडद्यावरच पाहिलंय, झूम करकरून. हल्ली जलरंगातल्या वास्तववादी व्यक्तिचित्रांचे व्हिडिओही खूप बघतो. त्यांत त्वचेचं छिद्रन् छिद्र असतं, आणि माणूस कोणीही असला तरी चालतं. माझा सगळा दिवस जास्तीत जास्त डेटा गोळा करणाऱ्या यंत्रणा लिहिण्यात जातो, त्यामुळे त्या छिद्रांचं आकर्षण मला समजतं. पण माहिती वाढली म्हणून ओळख वाढत नाही. काय गाळायचं ते ठरवायला माणूस ठाऊक असावा लागतो, आणि सार्जंटला ती ३० हून अधिक वर्षं ठाऊक होती.

१९२४ साली ती गेली, पुढच्याच वर्षी तो. चित्र तिच्याच संग्रहालयात आहे. त्यातला कोरा कागद हा मला त्या मैत्रीचा सगळ्यात नेमका पुरावा वाटतो.