तो कोण, की तो कुठे?

मोहरमच्या दिवसांत चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाचे दार लोकांसाठी उघडते. आत हजरत गैबीशाह वलींचा दर्गा आहे. हिंदू, मुसलमान, आदिवासी, सगळेच जियारतीला रांग लावतात. याच कारागृहात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. रांगेतून बाहेर पडताना आमच्या मनात दरवेळी एक विचार येतो. या भिंतीआड असलेल्या माणसाच्या आईला निदान ही भिंत ठाऊक आहे. मुलाखतीचा दिवस ठाऊक आहे. पण जिला आपला मुलगा कोणत्या भिंतीआड आहे हेच ठाऊक नाही, त्या आईला आपल्या साहित्यात जागा आहे काय?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या काही बंगाली भाषक मुसलमानांना बांगलादेशी समजून पकडण्यात आले, सीमेवर नेऊन पलीकडे ढकलण्यात आले. ते पश्चिम बंगालचे रहिवासी निघाले. तिथल्या सरकारने पाठपुरावा केल्यावर त्यांना परत आणावे लागले. अशा वेळी घरच्यांचे काय होत असेल? फोन लागत नाही. ठेकेदार म्हणतो, पोलीस घेऊन गेले. एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्याकडे बोट दाखवले जाते. गावातून आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, जमिनीचा कागद धाडला जातो. पण तो धाडायचा कुणाकडे? माणूस कुठे आहे हे कळल्याशिवाय कागदालाही पत्ता नसतो.

इथे दोन प्रश्न समोरासमोर उभे राहतात. सरकार विचारते, ‘तो कोण आहे?’ घर विचारते, ‘तो कुठे आहे?’ आमचे म्हणणे असे की, मुस्लिम मराठी साहित्याने आजवर पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देण्यात आपली बहुतेक शक्ती खर्च केली.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मुसलमान म्हणजे उर्दू, हा समज मोडून आपण ठणकावून सांगितले की आमची मायबोली मराठी आहे, ओवी आणि पोवाडा आमच्याही घरातला आहे, आम्ही याच मातीचे आहोत. हे सांगणे गरजेचे होते. त्यातून आपल्याला आवाज मिळाला, आणि ते ऋण आम्ही नाकारत नाही. पण या युक्तिवादाला एक सावली आहे. भाषा हाच जर आपलेपणाचा दाखला, तर ज्याची भाषा वेगळी तो परका ठरतो. आपण स्वतःसाठी जो दाखला पुढे केला, त्याच दाखल्याने शेजारी काम करणारा बंगाली भाषक गवंडी संशयित होतो. जुलै १९९८ मध्ये मुंबईत पकडलेल्या बंगाली भाषक मुसलमानांना रेल्वेने बंगालकडे नेले जात होते. हावडा जिल्ह्यातल्या उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवली आणि त्यांना सोडवले. आपली चळवळ तेव्हा ऐन भरात होती. त्या गाडीतल्या माणसांवरची, त्यांच्या मागे राहिलेल्या घरांवरची कथा आमच्या वाचनात मराठीत आलेली नाही.

भाषेचा दाखला किती कच्चा आहे, हे पाहायला आपल्या झाडीपट्टीतून फार लांब जावे लागत नाही. चंद्रपुरात बंगाली कॅम्प नावाची वस्तीच आहे. गडचिरोलीतल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. फाळणीने उखडलेल्या या हिंदू कुटुंबांना जंगल तोडून वसवले गेले. त्यांनी धानाची शेती केली, मासळी विकली, आणि त्यांच्या घरांत बंगाली आजही टिकून आहे. त्यांना आसरा मिळाला ही चांगलीच गोष्ट झाली, आणि त्यांनीही हाल कमी सोसले नाहीत. मुद्दा एवढाच की, एकच भाषा एका माणसासाठी गावाचे नाव होते आणि दुसऱ्यासाठी गुन्ह्याचा पुरावा. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तर हा फरक धर्माच्या नावाने कागदावरच आणला. कोठडी भाषेवरून ठरत नाही, हे आपल्या लेखकाने ओळखले पाहिजे.

हा विषय कथेत कसा पेलता येतो, याचे धडे आपल्याजवळ आहेत. मंटोची ‘टोबा टेकसिंग’ आपण नेहमी फाळणीच्या वेडेपणाची कथा म्हणून वाचतो. ती एकदा मुलाखतीची कथा म्हणून वाचावी. बिशनसिंगला नातलगांच्या भेटीचा दिवस कुणी न सांगता कळे. त्या दिवशी तो अंघोळ करी, केसांना तेल लावी. फाळणीनंतर भेटी थांबल्या आणि त्याला दिवस कळेनासा झाला. मंटो इथे कुणाचे नागरिकत्व सिद्ध करत बसत नाही. तुटलेली भेट दाखवतो, आणि तेवढ्यात दोन्ही देश उघडे पडतात.

‘गर्म हवा’ (१९७३) या चित्रपटात आग्र्याच्या मिर्झांच्या घरी लग्नाची तयारी चाललेली असते. पाकिस्तानात गेलेला काझिम लग्नासाठी परत आलेला असतो. त्याने पोलिसांत नोंद केलेली नसते. पोलीस येतात आणि त्याला घेऊन जातात. इथे काझिम कागदाने खरोखरच परका आहे. तरीही प्रेक्षकाची नजर आमिनावरून हटत नाही. निर्दोष माणसावर अन्याय दाखवणे त्या मानाने सोपे असते. ज्याचा कागद कमी पडतो, त्याच्याही वाट पाहणाऱ्याला माणूस म्हणून उभे करणे अवघड, आणि आम्हांला तीच खरी कसोटी वाटते.

आसामातल्या बंगाली मूळच्या मुसलमान कवींनी २०१६ पासून ‘मियाँ’ ही शिवीच कवितेचे नाव म्हणून धारण केली. २०१९ मध्ये दहा जणांवर गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आलेल्या नागरिक नोंदणीच्या यादीतून १९ लाखांवर माणसे वगळली गेली. त्या कवितेचे धैर्य मोठे आहे. तिचा रोखही बराचसा ‘मी कोण’ याच प्रश्नाकडे आहे. घराच्या प्रश्नाला कथा-कादंबरीच हवी, कारण शोधाला काळ लागतो, वाट लागते, खर्च लागतो.

आणि कायद्यातही ही सामग्री आहे. परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६च्या कायद्याने आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार संशयितावरच टाकला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला आहे. उलट, संविधानाचा २२वा अनुच्छेद अटकेचे कारण सांगण्याची आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची हमी देताना नागरिक म्हणत नाही, व्यक्ती म्हणतो. अटकेची खबर आप्ताला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात बजावले. हेबियस कॉर्पसची याचिका तर माणूस समोर आणा, एवढेच मागते. तो कोण, हे नंतर पाहू म्हणते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आईला त्यासाठी नागपूर खंडपीठ गाठावे लागेल. तिचा तो प्रवास, वकिलाची फी, बुडालेली रोजी, पिशवीतले प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, हे सारे आपल्या ओळखीचे आहे. फक्त लिहिलेले नाही.

आपण मराठी आहोत, हे आपण पुरेसे सांगितले आहे. आता ती मराठी दुसऱ्याच्या मुलाचा ठावठिकाणा विचारायलाही वापरू या. मोहरमला कारागृहाच्या दाराशी उभे असताना रांगेतल्या कुणालाच कुणी विचारत नाही की तू कुठला. तेवढी जागा आपल्या कथेत असावी.