आवाज फुटल्यानंतरची वर्षे

‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’च्या २०२१ मधील पर्वात २००८-०९ चे पाच बालस्पर्धक (कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत) परीक्षकांच्या आसनावर बसले, तेव्हा त्यांच्या गुणांविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते; खटकणारी गोष्ट ही की, बालपणीची कीर्ती आणि प्रौढपणीचे गाणे यांच्यामध्ये कसलाही खंड पडू नये, हीच आता कलावंताच्या यशाची कसोटी मानली जाते. मराठी संगीताचा इतिहास याच्या नेमका उलट आहे.

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. सुरतेजवळच्या कठोर गावी जन्मलेला हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरला, ‘रामराज्यवियोग’ नाटकातील कैकेयीच्या भूमिकेत आपल्या गोड गळ्याने गाजला, आणि वयात येताना मुलांचा स्वर जाड व बेभरवशाचा होतो, ज्याला आवाज फुटणे म्हणतात, ते घडताच मंडळीतील त्याचे मोल संपले. बंदे अली खाँ या बीनकारांचा गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा विधिपूर्वक बांधलेला दोरा, त्याच्या हाती होता. पुढे बडोद्यात फैज महंमद खाँ यांच्याकडे ग्वाल्हेर गायकीची, नंतर नत्थन खाँ यांच्याकडे आग्रा गायकीची आणि अखेरीस अल्लादिया खाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौली गायकीची तालीम त्याने घेतली. ज्या गळ्यावर प्रेक्षक लुब्ध झाले होते तो गळा गेला, हीच या घटनेतील मौल्यवान गोष्ट होय; कारण उरलेला आवाज कमवावा लागला, आणि तो कमवताना त्याच्यावर टाळ्यांचा कोणताही हक्क नव्हता. पुण्याचा भारत गायन समाज (१९११), बालगंधर्वांना दिलेली तालीम आणि ‘स्वयंवर’च्या (१९१६) चाली हे सर्व त्या अज्ञातवासाच्या पोटातून आले आहे.

कुमार गंधर्व यांच्याबाबतीत हे आणखी स्पष्ट होते. ध्वनिमुद्रिकांवरून बुजुर्गांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या या बालकाला बी. आर. देवधर यांच्या मुंबईतील शाळेत गाण्याकडे मुळापासून पाहावे लागले, आणि पुढे देवासला क्षयाने काही वर्षे गाणेच थांबले, तेव्हा माळव्याच्या लोकधुना कानांत शिरल्या. त्यातून जे उभे राहिले त्यात त्या नकलेचा मागमूसही नाही.

बालकीर्तीनंतर काय, या प्रश्नाशी बडोद्याच्या परिसराचा विशेष संबंध आहे. बडोद्यात १८८६ साली मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा सुरू झाली, म्हणजे गाणे शिकणाऱ्या मुलासाठी रंगमंचापलीकडचे एक ठिकाण संस्थानाने निर्माण केले. त्याच मुलखातील डभोई हे कवी दयारामाचे (१७७७–१८५३) गाव. त्याच्या गरब्या, म्हणजे कृष्णभक्तीची गेय पदे, कोणत्याही निकालाची वाट न पाहता घरोघरच्या कंठांत टिकल्या. १८६२ मध्ये जेथून मियागामपर्यंत गायकवाडांची बैलांनी ओढलेली रेल्वे धावली, त्या डभोईचे मूल आज एका रात्रीत मुंबईच्या निवडचाचणीला पोहोचते. ते तेथे नाकारले गेले तर फारसे बिघडत नाही. निवडले गेले तरच खरी चिंता सुरू होते, कारण तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याचा स्वर डळमळू लागेल तेव्हा त्याच्यापुढे करार, कार्यक्रम आणि चित्रफिती असतील, पण एकच षड्ज महिनोन्महिने लावायला सांगणारा गुरू नसेल. वाहिन्यांनी विजेत्याच्या हाती धनादेशाऐवजी पाच वर्षांची गुरुदक्षिणा ठेवावी, आणि त्या पाच वर्षांत त्याला मंचावर बोलावण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवू नये. एवढेही करायची तयारी नसेल, तर त्या कार्यक्रमांनी संगीतसेवेचे नाव घेणे थांबवावे.