पुण्याच्या पेठांतील रंगगृहे आणि प्रेक्षकवर्ग

मराठी रंगभूमीचे इतिहासलेखन मुख्यतः नाटक, नाटककार, नट आणि नाटकमंडळी ह्या चार आधारांवर उभे आहे. नाट्यगृहाचा उल्लेख त्यात येतो तो केवळ प्रयोगस्थळाची नोंद म्हणून. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला, हे प्रत्येक अभ्यासकास ठाऊक असते, परंतु तेथे कोण येऊ शकत होते आणि कोण येत नव्हते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ही उणीव किरकोळ नव्हे. नाट्यगृह हे प्रयोगाचे निव्वळ आवरण नसून प्रेक्षकवर्ग घडविणारी नागर संस्था आहे.

पुण्यातील जुनी रंगगृहे पेठांच्या अंतर्भागात, बाजाराच्या वाटेवर वसली. १८८६ मध्ये मंडईची इमारत उभी राहिली आणि तिच्याच परिसरात ७ फेब्रुवारी १९१५ रोजी गंगाधरपंत पाठक यांनी आर्यन चित्रगृह सुरू केले. अप्पा बळवंत चौकाजवळचे प्रभात, लक्ष्मी रस्त्यावरील विजय, हीदेखील भर वस्तीतलीच. विजयचे पूर्वीचे नाव ‘लिमये नाट्यचित्रमंदिर’ असे होते. नाटक आणि चित्रपट ह्यांनी एकच छत आणि बव्हंशी एकच प्रेक्षक वाटून घेतल्याची साक्ष ते नावच देते. भाजी घेऊन परतणारा मनुष्य खेळाची पाटी वाचीत असे. करमणूक ही दैनंदिन रहाटीतच गुंफलेली होती.

ह्या सान्निध्यावरून, जुन्या रंगगृहांत सारे शहर एकत्र येत होते, असे अनुमान स्मरणपर लेखनात सर्रास काढले जाते. ते तपासून पाहिले पाहिजे. गणेश पेठेतील आर्यभूषण थिएटर हे तमाशाचे घर. सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिर हे पांढरपेशा नाट्यरसिकांचे. दोहोंमधील अंतर पायी तोडण्याजोगे, तथापि प्रेक्षकवर्ग बव्हंशी भिन्न. पेठेने जिव्हाळा दिला, तसे कुंपणही दिले.

अर्थात् ह्या जिव्हाळ्याचे मोल कमी नाही. १९६३ मध्ये सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतून भरतच्या प्रेक्षागारात महाविद्यालयीन प्रेक्षकांची एक चोखंदळ आणि निर्भीड पिढी तयार झाली. १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग ह्याच रंगमंचावर झाला. पेशवाईतील पुण्याचे ते विदारक दर्शन पुण्याच्याच पेठेत घडले आणि थोड्याच प्रयोगांनंतर नाटक थांबवावे लागले. नाटक आणि नगर इतके समोरासमोर अन्यत्र क्वचितच आले असेल.

२६ जून १९६८ रोजी मुठेपलीकडे, जंगली महाराज रस्त्यावर, महानगरपालिकेचे बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले. पेठेबाहेर गेल्याने रंगभूमी शेजारधर्मास मुकली, असा आक्षेप घेता येईल. सहज जाता-येता नाटकास शिरणे संपले. ठरवून, तिकीट काढून, वाहनाने जाणे आले. परंतु पेठांनी जे वेगळे ठेवले, ते ह्या सार्वजनिक वास्तूने एका छपराखाली आणले. संगीत नाटक, व्यावसायिक नाटक आणि लावणीचा कार्यक्रम एकाच रंगमंचावर होऊ लागले. तिन्हींचे प्रेक्षक एकमेकांत मिसळले असे नव्हे. परंतु एकाच दारातून आत येण्याचा अधिकार तिघांनाही समान झाला. पेठेतील रंगगृह निकटतेचे, तर बालगंधर्व नागरिकत्वाचे प्रतीक मानणे अधिक न्याय्य ठरेल.

आर्यन १९८३ मध्ये पाडले गेले आणि त्या जागी वाहनतळ आला. २०१४ च्या अखेरीस प्रभातची वास्तू मूळ मालकांकडे परतली व तिचे नाव बदलले. बालगंधर्वच्या पुनर्बांधणीचा प्रस्तावही अलीकडच्या वर्षांत वादाचा विषय झाला. अशा वादांत एक पक्ष आसनसंख्येची आणि सोयींची भाषा बोलतो, दुसरा आठवणींची. दोन्ही मापे अपुरी आहेत. नाट्यगृहाची खरी कसोटी त्याच्या दारात कोणाकोणाची पावले वळतात ही आहे. नाट्येतिहासाच्या अभ्यासकांनी ही कसोटी जुन्या रंगगृहांना लावली नाही, म्हणूनच नव्या रंगगृहांविषयी बोलताना त्यांच्यापाशी हळहळीवाचून फारसे काही उरत नाही.