एकाकी नायकाची शिदोरी

अरण्यात दीर्घकाळ तग धरणाऱ्या माणसाची कथा ही एकाकीपणाची कथा मानली जाते. समाजापासून तुटलेला नायक, त्याच्याजवळची मोजकी साधने आणि त्याच्या अंगची कौशल्ये यांवर या वाङ्मयप्रकाराची उभारणी होते. परंतु ही साधने आणि कौशल्ये नीट न्याहाळली, तर हे एकाकीपण कितपत खरे आहे, असा प्रश्न उपस्थित होतो. डॅनिअल डीफो यांची 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) ही कादंबरी आणि जॉन क्रॅकाउअर यांचे 'इन्टू द वाइल्ड' (१९९६) हे सत्य घटनेवरील पुस्तक यांच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

क्रूसो फुटलेल्या जहाजावर पुनःपुन्हा जातो आणि धान्य, बंदुका, शिडाचे कापड किनाऱ्यावर आणतो. सुतारी हत्यारांची पेटी त्याला सोन्याहून मोलाची वाटते. तरीही सापडलेले पैसे तो, थोड्या विचारानंतर, बरोबर घेतोच. या याद्या म्हणजे केवळ वास्तवाचा आभास निर्माण करण्याची युक्ती नव्हे. प्रत्येक वस्तूत कोणा लोहाराचे, कोणा विणकराचे श्रम साठलेले आहेत. त्या अर्थाने क्रूसो बेटावर एकटा उतरलेलाच नाही. कौशल्याच्या बाबतीत मात्र डीफो त्याला सवलत देतात. द्राक्षे वाळत घातली की मनुका होतात. कोंबड्यांच्या खाद्याची पिशवी झटकली की धान्य उगवते. होडी पाण्यापर्यंत नेता येणार नाही इतकी अवजड होते, तेव्हाही चुकांतून शिकण्यासाठी त्याच्याजवळ २८ वर्षे असतात.

ख्रिस मॅककँडलेसजवळ तेवढा अवधी नव्हता. एप्रिल १९९२ मध्ये हा २४ वर्षांचा तरुण अलास्कातील रानात शिरला, तेव्हा त्याच्याजवळ सुमारे साडेचार किलो तांदूळ, एक हलकी रायफल आणि पुस्तके होती. जूनमध्ये त्याने मूस हे मोठे हरीण मारले आणि धुरी देऊन मांस टिकविण्याचा प्रयत्न केला. हा सल्ला त्याला साउथ डाकोटातील शिकाऱ्यांनी दिला होता. अलास्कातील रीत मांसाच्या पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर सुकविण्याची. काही दिवसांतच मांसात अळ्या पडल्या. जुलैमध्ये तो परत फिरला, तर येताना सहज ओलांडलेली टेक्लानिका नदी फुगलेली होती. थोड्याच अंतरावर नदीवरून जाणारा तारदोर आणि पाळणा होता; तो दाखविणारा तपशीलवार नकाशा त्याच्याजवळ नव्हता. ऑगस्टमध्ये एका जुन्या बसमध्ये त्याचा उपासमारीने अंत झाला.

या शिदोरीतील सर्वांत अर्थपूर्ण वस्तू म्हणजे प्रिसिला रसेल कारी यांचे 'टनाइना प्लांटलोअर' हे पुस्तक. अलास्कातील डेनाइना लोकांच्या वनस्पतिज्ञानाची ही नोंद. तिच्यात एका रानकंदाची मुळे खाद्य म्हणून सांगितली आहेत. बियांविषयी मौन आहे. मॅककँडलेसने बियाही खाल्ल्या आणि आपल्या अशक्तपणाचा दोष त्यांना दिला. बियांतील विषद्रव्याविषयीची आपली अनुमाने क्रॅकाउअर यांनीही पुढे बदलली आणि तो वाद मिटलेला नाही. परंतु वाचनव्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते मौन. आजीबरोबर कंद खणायला गेलेल्या मुलीला काय खायचे नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. तिला ते सरावातून कळते. मौखिक परंपरा मुद्रित होताना हा सरावच गळून पडतो. स्टॅन्ली फिश यांनी वाचकांच्या ज्या अर्थनिर्णायक समुदायाची कल्पना मांडली, त्याची उणीव एरवी फार तर अर्थाचा घोटाळा करते. येथे ती जीवावर बेतू शकते. आणि मॅककँडलेसने आपली ११३ दिवसांची त्रोटक रोजनिशी लिहिली ती याच पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर. एका समूहाचे ज्ञान आणि एका माणसाचे एकटेपण अशा रीतीने एकाच बांधणीत आले.

क्रॅकाउअर यांना या योगायोगाचा अर्थ पुरता उमगलेला दिसत नाही. पितापुत्रांतील ताण आणि स्वतःचे तरुणपणीचे गिर्यारोहण यांच्या आधारे ते नायकाच्या मनाचा शोध घेतात. तो शोध प्रामाणिक आहे. पण ज्यांच्या ज्ञानावर नायक विसंबला, ते डेनाइना लोक या निवेदनात जवळजवळ संदर्भापुरतेच उरतात. म्हणजे क्रूसोच्या लोहाराला जे स्थान, तेच त्यांना.

जून २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आली, कारण तिच्या दर्शनाला निघालेल्यांपैकी काहींना नदीत प्राण गमवावे लागले होते. त्यांनीही एक पुस्तकच वाचले होते. एकाकी नायकाची कथा शिदोरीतील परक्या हातांचे ऋण जोवर लपवीत राहील, तोवर अशा वाचनाचा दोष केवळ वाचकांच्या माथी मारता येणार नाही.